वाचकांचे प्रश्न: ईमेलवरून गिऱ्हाईक

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये बहुतेकांची तक्रार एकच होती: मेल पाठवतो, पण काही होत नाही. त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यात आमची हापूसची बाग आहे. पाच हंगामांत पेट्या नेलेल्या लोकांचे साधारण १,८०० ईमेल पत्ते जमलेत. एप्रिलमध्ये माझ्या नेहमीच्या जीमेलवरून सगळ्यांना बीसीसी करून भावपत्रक पाठवलं. काहींना गेलं, मग जीमेलनं पाठवणंच बंद केलं. ज्यांना गेलं त्यांतले बरेच म्हणतात, स्पॅममध्ये सापडलं. भावपत्रकात काय चुकलं?

भावपत्रकात बहुधा काहीच चुकलेलं नाही. बिघाड पाठवण्याच्या पद्धतीत आहे.

साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जाते. मर्यादा ओलांडली की खात्याचं पाठवणं १ ते २४ तास बंद होतं. पैसे भरून घेतलेल्या गुगल वर्कस्पेसमध्ये हीच मर्यादा २,००० आहे, पण म्हणून ते यादीला मेल पाठवण्याचं साधन होत नाही. तिथून बीसीसी केलेल्या साध्या मेलमध्ये ‘मेल नको’ म्हणण्याची सोय नसते, परत आलेले पत्ते आपोआप बाजूला पडत नाहीत. शिवाय वर्षभर दिवसाला दहा मेल पाठवणारं खातं अचानक एकाच मजकुराच्या शेकडो मेल सोडू लागलं की समोरच्या यंत्रणेला ते चोरीला गेलेलं खातं वाटतं.

आधी बागेच्या नावाचं डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारं स्वतःचं नाव, घ्या. मग मेलचिंप, ब्रेव्हो, झोहो कॅम्पेन्स यांसारखी एखादी सेवा निवडा. तिथं ‘पाठवणारा’ म्हणून जीमेलचा पत्ता लावू नका. गुगलच्या नियमांतच त्याला मनाई आहे, आणि अशा मेल थेट स्पॅममध्ये पडतात. आंबा विकायला नवीन डोमेन कशाला, असं वाटेल. पण मेलची पत डोमेनच्या नावावर जमा होते, आणि ती पत तुमच्याच मालकीची हवी.

डोमेन घेतल्यावर डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, तीन नोंदी कराव्या लागतात. एसपीएफ ही या नावानं कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी. डीकेआयएम ही प्रत्येक मेलवर उमटणारी डिजिटल सही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातलं डोमेन या दोहोंपैकी निदान एकाशी जुळतं का, आणि जुळलं नाही तर मेलचं काय करायचं, हे डीमार्क सांगतो. सुरुवातीला डीमार्कचं धोरण ‘नन’ (काही अडवू नका) ठेवा आणि अहवाल येण्यासाठी एक पत्ता द्या. महिनाभर अहवाल स्वच्छ दिसले की ‘क्वारंटाइन’ (न जुळणारी मेल स्पॅममध्ये टाका) करा.

चुका कुठं होतात? सगळ्यात जास्त एसपीएफमध्ये. डोमेनवर वर्कस्पेसची एक एसपीएफ नोंद आधीच असते, मेल सेवेसाठी लोक दुसरी टाकतात. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन दिसल्या की तपासणी करणारा सर्व्हर दोन्ही बाद करतो. दोन्ही सेवा एकाच ओळीत लिहायच्या. त्या ओळीतून डीएनएसमध्ये होणाऱ्या चौकशा १० च्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. डीकेआयएममध्ये वेगळीच गंमत होते: बऱ्याच होस्टिंगच्या पॅनेलमध्ये नोंदीच्या नावापुढं डोमेन आपोआप लागतं. तुम्ही पूर्ण नाव चिकटवलंत की डोमेन दोनदा येतं आणि सही कधीच जुळत नाही.

नोंदी बसल्यात का, हे बघायला स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा, ती संगणकावर उघडा आणि उजवीकडच्या तीन ठिपक्यांमधून ‘शो ओरिजिनल’ काढा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्हींपुढं ‘पास’ दिसलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं, मे २०२५ पासून आउटलुकनंही. याहूनंही फेब्रुवारी २०२४ पासूनच केलं, पण आकडा न सांगता. तुम्ही त्या आकड्याच्या खूप खाली आहात, तरीही तिन्ही करा.

आता तुमची यादी. पाच हंगामांपूर्वी एकदा पेटी नेलेला माणूस तुम्हाला ओळखत नाही. तो ‘स्पॅम’चं बटण दाबून मोकळा होतो. गुगलची अपेक्षा आहे की तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली राहावं आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ नये. १,८०० जणांत ०.३ टक्के म्हणजे पाच-सहा माणसं, बस. म्हणून यादीचे हंगामाप्रमाणे भाग करा. गेल्या दोन हंगामांतल्या गिऱ्हाइकांपासून सुरुवात करा: पहिल्या दिवशी ५०, दोन दिवसांनी १००, मग २००. परत आलेल्या मेल २ टक्क्यांच्या वर गेल्या तर थांबा आणि पत्ते तपासा. वहीतून उतरवताना ‘जीमेल’चं ‘जीमिअल’ झालेले पत्ते हमखास निघतात. ‘५५० ५.१.१’ असा निरोप आला तर तो पत्ता अस्तित्वातच नाही, तो कायमचा काढा. ४ नं सुरू होणारे निरोप तात्पुरते असतात, ती मेल सेवा स्वतःच पुन्हा पाठवून बघते.

तीन हंगामांहून जुन्या लोकांना भावपत्रक पाठवूच नका. त्यांना एकच छोटी मेल करा: अमुक साली आमच्याकडून पेटी घेतली होती, यंदा कळवू का? खाली एक बटण. ज्यांनी दाबलं नाही त्यांना यादीतून वगळा. जीव तुटतो, पण ती माणसं तशीही घेणार नव्हती.

हे सगळं डिसेंबर-जानेवारीत उरकायचं असतं, एप्रिलमध्ये नाही. जानेवारीत मोहोर कसा धरलाय, पहिली तोड साधारण कधी, एवढंच लिहा. ही मेल काही विकत नाही, पण तिच्यामुळं नाव ओळखीचं होतं. पहिली तोड ठरली की भाव: फळाचं वजन, पेटीत किती डझन, पुण्या-मुंबईला कोणत्या वारी गाडी जाते. अक्षय्य तृतीयेच्या दहा दिवस आधी एक मेल पुरे. आणि पेटी पोचली त्याच दिवशी आपोआप जाणारी एक मेल लावा: आढी कशी घालायची, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये का ठेवायचं नाही, कापल्यावर साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) निघाला तर फोटो कुठं पाठवायचा. सगळ्या मेलमध्ये वाचून उत्तर दिली जाणारी हीच असते. मेलला आलेलं उत्तर हे पत वाढवणारं सगळ्यात चांगलं लक्षण, म्हणून ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ असला पत्ता कधी लावू नका.

प्रश्न: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. एक जण १०,००० पर्चेस मॅनेजरांची यादी विकतोय. घ्यावी का?

नको. अशा यादीत नोकरी सोडून गेलेल्यांचे बंद पत्ते असतात. स्पॅम पाठवणारे पकडण्यासाठी मुद्दाम जिवंत ठेवलेले सापळ्याचे पत्तेही असतात. त्यांवर मेल गेली की स्पॅमहॉससारख्या काळ्या यादीत तुमचं डोमेन जाऊ शकतं. मग जाहिरातच नव्हे, जुन्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं कोटेशन आणि इन्व्हॉइससुद्धा स्पॅममध्ये पडू लागतं. नुकसान तिथं आहे, यादीच्या किमतीत नाही.

तुमच्या धंद्याला १०,००० माणसं लागतच नाहीत. तुमच्या वजनाची आणि ग्रेडची कास्टिंग विकत घेणाऱ्या ६०-७० कंपन्या शोधा: पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचे भाग, गिअरबॉक्स बनवणाऱ्या. दिवसाला १०-१५ मेल, एकेकाला, हातानं, तुमच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्यावरून. सामूहिक सेवेतून नाही. विषयाच्या ओळीत थेट माल: ‘एफजी २६० आणि एसजी ४००/१५ कास्टिंग, ५ ते ४० किलो, शिरोली’. आत शंभर-सव्वाशे शब्द: मोल्डिंगची पद्धत, महिन्याची क्षमता किती टन, त्यातली रिकामी किती, मशिनिंग आत होतं की बाहेर, आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) आहे का, पॅटर्न आल्यापासून पहिला नमुना किती दिवसांत. शेवटी एकच प्रश्न: ड्रॉइंग पाठवाल का? ‘आम्ही नामांकित उत्पादक असून’ हे वाक्य वाचून कोणीही ड्रॉइंग पाठवत नाही. ‘एक लाइन रिकामी आहे’ वाचून पाठवतो.

पहिल्या मेलला ८ एमबीचा ब्रोशर जोडू नका. उत्तर आलं नाही तर आठवड्यानं त्याच मेलवर दोन ओळी, मग तीन आठवड्यांनी एकदा. त्यापुढं नाही. निर्यातीसाठी लिहिणार असाल तर देश बघून लिहा: अमेरिकेत जाहिरातीच्या मेलमध्ये तुमचा टपालाचा पत्ता आणि ‘पुढं नको’ म्हणायची सोय लागते. जर्मनीत आधी संमती घेतल्याशिवाय कंपन्यांनाही जाहिरातीची मेल करता येत नाही. तिथं प्रदर्शनात भेटून संमती घेणं हाच खात्रीचा रस्ता.

प्रश्न: डोंबिवलीहून आम्ही परदेशी दिवाळीचा फराळ पाठवतो. मेल मराठीतच करतो, पण काहींना अक्षरांऐवजी चिन्हं दिसतात, काहींना चौकोन. म्हणून या वर्षी सगळा मजकूर एका चित्रात टाकला, तर ऑर्डरी आणखी कमी झाल्या. शिवाय मेल किती वाजता पाठवायची?

चिन्हं दिसतात त्याचं कारण जुना फॉन्ट. छपाईसाठी श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेला असतो. तो फॉन्ट समोरच्याकडं नसला की मूळ इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथं हमखास गडबड होते. चौकोन दिसत असतील तर समोरच्या जुन्या यंत्रावर देवनागरी फॉन्टच नाही. त्याला तुमचा इलाज नाही, पण असे लोक आता थोडे.

चित्राचा उपाय रोगापेक्षा वाईट. बऱ्याच ऑफिसांच्या मेलमध्ये चित्रं आधी बंद असतात, मग वाचणाऱ्याला कोरी मेल दिसते. स्पॅम गाळणाऱ्या यंत्रणेलाही मजकूर नसलेली मेल आवडत नाही. शिवाय चित्रातला फोन नंबर दाबून फोन लावता येत नाही. चकली-करंजीचा एक फोटो ठेवा, ६०० पिक्सेल रुंद, बाकी सगळं अक्षरांत. अक्षराचा आकार १६ पिक्सेल, दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार साच्यांत हे अंतर कमी असतं आणि वरच्या वेलांट्या, खालचे उकार कापले जातात. लोगो काळा आणि मागची बाजू पारदर्शक असेल तर डार्क मोडमध्ये तो नाहीसा होतो. त्याला पांढरी कड द्या.

वर्डमधून मजकूर थेट चिकटवू नका. त्याच्यासोबत अदृश्य कोड येतो आणि मेल फुगते. जीमेल १०२ केबीच्या पुढची मेल कापतं आणि खाली ‘पूर्ण मेल बघा’ अशी लिंक देतं. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळं मराठी मेल इंग्रजीपेक्षा लवकर तिथं पोचते. कापला जातो तो भाग शेवटचा, म्हणजे नेमकी ‘यादीतून काढा’ ही लिंक. ती सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो.

भाषा? मजकूर मराठीत ठेवाच, ती तुमची ओळख आहे. पण किंमत, डब्याचं वजन, शेवटची तारीख आणि ऑर्डरचं बटण इंग्रजीतही द्या. पुष्कळ घरांत ऑर्डर देणारी मुलं मराठी बोलतात, वाचत नाहीत. विषयाची ओळ मोबाइलवर ३०-३५ अक्षरांच्या पुढं दिसेलच असं नाही, म्हणून ‘सर्व ग्राहकांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’नं सुरुवात करू नका. ‘अमेरिकेसाठी फराळ: शेवटची तारीख’ असं लिहा. विषयाखाली जी फिकट ओळ दिसते ती वेगळी भरायची असते. रिकामी सोडली की तिथं ‘मेल नीट दिसत नसेल तर इथं क्लिक करा’ येतं.

वेळेपेक्षा तारीख महत्त्वाची आहे. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्यातून कुरिअरचे दिवस, कस्टम्समधले दिवस आणि तुमचे तळण-पॅकिंगचे दिवस वजा करा. प्रत्येक देशाची शेवटची तारीख वेगळी निघते. म्हणून यादी देशाप्रमाणे फोडा आणि प्रत्येकाला फक्त त्याचीच तारीख सांगा. भावाची मेल गणपती उठले की लगेच, आठवण दोन आठवड्यांनी, शेवटची मेल मुदतीच्या तीन दिवस आधी, आणि ती ज्यांनी अजून ऑर्डर दिली नाही त्यांनाच. ऑर्डर देऊन बसलेल्याला ‘घाई करा’ म्हणणारी मेल गेली की तो वैतागतो, आणि ही चूक फार जण करतात.

घड्याळाचं म्हणाल तर न्यू जर्सीतले सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि १ नोव्हेंबर २०२६ ला त्यांचं घड्याळ मागं गेलं की साडेसात. लंडन उन्हाळी वेळेत साडेचार तास मागं, दुबई कायम दीड तास. सिडनी आपल्या पुढं आहे, तिथं सकाळी मेल पोचायची तर आपल्याकडं पहाट असते. सेवेत वेळ लावून ठेवता येते, जागत बसू नका.

प्रश्न: पुण्यात आमचं लहान मुलांच्या पुस्तकांचं ऑनलाइन दुकान आहे, यादी ४०० जणांची. मेल उघडणारे ६० टक्के दाखवतं, तरी विक्री नाही. दोन विषय-ओळींची तुलना केली, एकीला १० क्लिक, दुसरीला १४. दुसरी चांगली ना?

उघडण्याच्या आकड्यावर विसंबू नका. मेलमधलं एक अदृश्य चित्र लोड झालं की ‘उघडली’ अशी नोंद होते. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आहे, ती चालू असेल तर ती चित्रं माणसानं मेल बघितली नसली तरी लोड होतात. तुमच्या ६० टक्क्यांत आयफोनच पुष्कळ असतील. क्लिक त्याहून खरे, पण कंपन्यांच्या सुरक्षा यंत्रणा लिंका तपासायला स्वतःच क्लिक करतात. पाठवल्यावर काही सेकंदांत सगळ्या लिंकांवर क्लिक दिसले तर ते माणसाचे नव्हेत. प्रत्येक मेलला वेगळा सवलत-कोड द्या आणि त्या कोडवर किती रुपयांची विक्री झाली ते मोजा. एवढं पुरतं.

१० आणि १४ मधला फरक नशिबाचा आहे. २०० जणांत ५ टक्के आणि ७ टक्के. हा फरक खरा आहे असं म्हणायला प्रत्येक गटात साधारण २,२०० माणसं लागतात. ४०० च्या यादीत तुलना करत बसू नका, तो वेळ दुसऱ्या कामाला द्या: पालकांकडून मुलाचं वय विचारून घ्या. ४ वर्षांच्या मुलाच्या आईला दहावीची पूरक पुस्तकं दाखवणारी मेल वाया जाते. वयाप्रमाणे तीन गट केलेत, मेलमध्ये पंधराऐवजी तीन पुस्तकं ठेवलीत आणि एकेका पुस्तकाचं एक पान वाचायला दिलंत की फरक विक्रीतच दिसेल.

प्रश्न: सोलापुरी चादरींचं आमचं दुकान आहे. बिल पाठवण्यासाठी गिऱ्हाइकांचे ईमेल घेतले होते. त्यांवर ऑफर पाठवली तर कायद्यानं चालतं का? एसएमएससारखी डीएलटी नोंदणी लागते का?

डीएलटी, म्हणजे धंद्याचे संदेश पाठवण्याआधी टेलिकॉम कंपन्यांकडं करायची नोंदणी, एसएमएस आणि फोनसाठी आहे, ईमेलला नाही.

पत्ता बिलासाठी घेतला तर तो बिलासाठी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच तत्त्वावर उभा आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम स्पष्ट सांगायचं आणि त्यासाठी संमती घ्यायची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीबद्दलच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर तयारीला वेळ आहे. वाद झाला तर संमती घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची असते, म्हणून तारीख, कुठल्या फॉर्मवर आणि कोणत्या शब्दांत विचारलं होतं, याची नोंद ठेवा. संमती देणं जितकं सोपं, तितकंच मागं घेणं सोपं हवं, हेही कायद्यात आहे.

बिलाच्या मेलच्या तळाशी एक ओळ घाला: ‘नवीन डिझाइन आणि सवलती कळवायच्या असतील तर इथं नोंद करा.’ काउंटरवरच्या फॉर्मात आधीच बरोबरची खूण केलेला चौकोन ठेवू नका, तो गिऱ्हाइकानं स्वतः भरायचा. यादी हळू वाढेल, पण स्वतः नाव दिलेले दोनशे लोक बिलांवरून उचललेल्या दोन हजारांपेक्षा जास्त चादरी घेतात.

प्रश्न: नाशिकला माझं सलून आहे. मीही ईमेल सुरू करू का?

नका करू. तुमचं गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर आहे, आणि ‘केस कापायला महिना झाला’ ही आठवण तिथंच चालते. ईमेल कामाची जिथं माणूस ऑफिसात बसून निर्णय घेतो, परदेशात आहे, मोठी खरेदी करण्याआधी वाचतो, किंवा बिल-पावती जपून ठेवतो. लग्नाच्या मेकअपची पॅकेजं विकत असाल तर तेवढ्यापुरती दर, फोटो आणि मोकळ्या तारखा असलेली एक मेल तयार ठेवा, चौकशी आली की पाठवायला.

प्रश्न: आमची मेल स्पॅममध्ये नाही, पण ‘प्रमोशन्स’मध्ये जाते. बाहेर कशी काढायची?

काढायची गरज नाही. प्रमोशन्स हा जीमेलच्या इनबॉक्सचाच एक कप्पा आहे, आणि खरेदीच्या विचारात असलेला माणूस तिथंच बघतो. तिथून निसटायला मेल वैयक्तिक पत्रासारखी सजवली तर ती उघडल्यावर लोकांना फसवल्यासारखं वाटतं आणि तक्रारी वाढतात. लक्ष ठेवायचंच असेल तर गुगलचं पोस्टमास्टर टूल्स हे फुकट साधन डोमेनला जोडा. तिथं तक्रारींचं प्रमाण दिसतं. यादी लहान असेल तर आकडे दिसत नाहीत. मग मेल सेवेच्या अहवालात दर मेलमागं किती जणांनी यादी सोडली ते बघा. एरवी दोन-तीन जण सोडतात आणि एका मेलनंतर पंधरा सोडले, तर त्या मेलचा विषय आणि ती कोणाला गेली, हे आधी तपासा.